फैजपूरचं बांबूचं गाव उभारणारा चित्रकार

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहून द्या, असा निरोप समितीकडून आला, तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मी सेनापती बापटांवर लिहिणार. साहजिक आहे. पारनेर म्हटलं की सेनापती बापट. पण त्यांच्यावर माझ्यापेक्षा अधिकारानं लिहिणारी माणसं गावात आहेत. मी निवडलेलं नाव ऐकून आपले सेक्रेटरी जरा गोंधळले. नंदलाल बोस, बंगालचे चित्रकार. त्यांचा आणि आपल्या सोसायटीचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं. संबंध आहे, आणि तो आपल्या होऊ घातलेल्या सभागृहाशी आहे. तो शेवटी सांगतो. आधी माणूस सांगतो.

माझे आजोबा १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेसला गेले होते. आमच्या वाडीतून तिघं गेले. नगरहून मनमाड, मनमाडहून भुसावळ, पुढं सावदा स्टेशन. भाषणांतलं त्यांना म्हातारपणी काही आठवत नसे. आठवायचे ते बैल. अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक सजवलेल्या रथातून निघाली आणि त्या रथाला बैलांच्या सहा जोड्या होत्या. शेतकरी माणूस, बैलांची शिंगं कशी होती इथपासून सांगायचा. दुसरी आठवण बांबूच्या गावाची. आपल्या खळ्यावर, गोठ्यात असतं त्याच सामानाचं, पण पाहत उभं राहावं असं गाव तिथं बांधलं होतं, असं ते सांगायचे. कोणी बांधलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पुढं चित्रकला शिक्षक झालो. आमच्या अभ्यासक्रमात नंदलाल बोस हे नाव दोन ओळींत येई: बंगाल शैली, अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. परीक्षेला चार मार्कांची टीप. आजोबांचं बांबूचं गाव बांधणारा आणि माझ्या चार मार्कांचा चित्रकार हे एकच गृहस्थ, हे कळायला नोकरीची वीस वर्षं गेली.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरचा. कुटुंब बंगाली. वडील दरभंगा संस्थानच्या नोकरीत. आई क्षेत्रमणीदेवी हाताच्या मोठ्या हुशार. घरात जे मिळेल त्यातून त्या मुलासाठी बाहुल्या आणि खेळणी करायच्या. आई लहानपणीच गेली, पण हाताशी असेल त्यातून सुंदर वस्तू करायची ही गोष्ट पोरानं तिथूनच उचलली असावी. गावातल्या कुंभारांकडं, मूर्ती करणाऱ्यांकडं तासन्‌तास बसायचं, हा दुसरा छंद.

शाळा-कॉलेजात मात्र आनंदच होता. परीक्षेत नापास, पुन्हा नापास. घरच्यांनी एकाहून दुसऱ्या कॉलेजात घालून पाहिलं, कॉमर्सलाही बसवून पाहिलं. तोवर लग्नही झालेलं. शेवटी घरच्यांची समजूत काढून १९०५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथांकडं गेले आणि गाडी रुळावर आली. आपल्या सोसायटीत दहावी-बारावीच्या निकालानंतर जी घरं आठ दिवस गप्प असतात, त्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

आता ते महाराष्ट्रात कसे आले ते पाहू. लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकार बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होत्या. १९०९ च्या हिवाळ्यात, भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून, नंदलाल आणि आणखी काही तरुण चित्रकार मदतीला आले. पायथ्याच्या फर्दापूरला मुक्काम, आणि दिवसभर लेण्यात अंधूक उजेडात काम.

अजिंठा आपण सहलीला जाऊन पाहतो. पद्मपाणी पाहतो, फोटो काढतो. पण नकला करणाऱ्याला भिंत हातभर अंतरावरून पाहावी लागते. त्याला दिसतं की चित्र दगडावर नाहीच, ते मातीवर आहे. कारागिरांनी दगड मुद्दाम खडबडीत ठेवला, म्हणजे लेप धरून राहील. त्यावर मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा केला. वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. रंग तरी कुठले? गेरू, पिवळी माती, डोंगरातली हिरवी माती, काजळी, चुना. एक निळा तेवढा परदेशातून आलेला. आपल्या आया-आज्या सारवणात शेण आणि भिंतीच्या गिलाव्यात भुसा कालवायच्या, ते याच घराण्यातलं काम. टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात आपण दर श्रावणात जातो. तिथं रंग नाहीत, पण डोंगर जसा आहे तसा वाचून आत घर कोरणं हीच तऱ्हा तिथंही आहे. मला वाटतं, बांधणारा आणि रंगवणारा हे दोन वेगळे लोक असतात ही समजूत नंदलाल यांच्या डोक्यातून अजिंठ्यात गेली असेल.

पुढं रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनला बोलावलं. तिथल्या कलाभवनाचे ते १९२२ च्या सुमारास प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत राहिले. तिथं सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणजे आपल्याकडचे मास्तर. चित्र काढायला ते मुलांना वर्गात कोंडत नसत, झाडांकडं पाठवत. स्वतः पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर जन्मभर रेखाटनं करत राहिले: बकरी, ताडाचं झाड, डोक्यावर ओझं घेतलेली बाई. उत्सव आला की अंगणात आल्पना घालायची, नाटक असलं की पडदे आणि वेशभूषा करायची, शेतीचा हलकर्षण उत्सव असला की श्रीनिकेतनच्या भिंतीवर नांगरणीचं चित्र काढायचं. ही सगळी कामं त्यांच्या लेखी एकाच तोलाची. आल्पना म्हणजे काय, तर आपली रांगोळीच, फक्त तांदळाच्या पिठाच्या ओल्या लेपानं काढलेली.

तिथलीच दोन घरं सांगण्यासारखी आहेत. पहिलं काळोबाडी, म्हणजे काळं घर. कलाभवनाच्या विद्यार्थ्यांसाठी १९३४ च्या सुमारास उभं राहिलेलं मातीचं वसतिगृह. नंदबाबूंनी आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या भिंतींवर मातीतच उठावाची शिल्पं केली आणि पावसापासून, वाळवीपासून बचाव व्हावा म्हणून वरून डांबराचा हात दिला. म्हणून ते काळं. दुसरं घर श्यामली. रवींद्रनाथांना छप्परसुद्धा मातीचं असलेलं घर हवं होतं, कारण गवताची छपरं पेटतात आणि गरिबाचं घर एका ठिणगीत जातं. आराखडा सुरेंद्रनाथ कर यांचा. बांधकामात मातीची मडकी वापरली होती. आपल्या माजघरातल्या उतरंडीसारखी मडकी डोळ्यांपुढं आणा: मडक्यातली हवा अडून राहते आणि बाहेरचं ऊन सहजासहजी आत येत नाही. भिंतींवरची उठावाची कामं नंदबाबूंची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. १९३५ साली आपल्या वाढदिवसाला रवींद्रनाथ त्या घरात राहायला गेले. १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनला आले, तेव्हा त्याच घरात उतरले. श्यामली आजही उभी आहे, पण ती आपोआप उभी नाही. तिची डागडुजी करत राहावी लागली आहे. मातीच्या घराची ही बाजू लपवून मला काही सांगायचं नाही.

आता आजोबांच्या गावाकडं येतो.

काँग्रेसची अधिवेशनं तोवर शहरांत भरत. पन्नासावं अधिवेशन खेड्यात घ्यायचं ठरलं आणि मान मिळाला खानदेशातल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी यांच्यासारखी मंडळी कामाला लागली. साने गुरुजींनी खेडोपाडी फिरून लोकांना तयार केलं. हजारो माणसं येणार, ती राहणार कुठं, बसणार कुठं? त्यासाठी एक अख्खं गाव वसवायचं होतं. नाव ठरलं टिळकनगर. गांधीजींनी त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात नंदबाबूंनी मांडलेलं प्रदर्शन पाहिलं होतं. त्यांनी हे काम नंदबाबूंना सांगितलं.

नंदबाबू कचरले. मी चित्रं काढणारा, मला बांधकामातलं काय कळतं, असा त्यांचा सूर होता. त्यावर गांधीजींनी कळवलं त्याचा मतलब एवढाच की, मला नावाजलेला उस्ताद नको आहे, जीव ओतून वाजवणारा साधा वाजंत्री चालेल. मग नंदबाबू नाही म्हणू शकले नाहीत. काय हवं ते गांधीजींनी समजावून सांगितलं आणि ते प्रत्यक्षात कसं दिसावं हे सर्वस्वी त्यांच्यावर सोपवलं. अट एकच: गाव खेड्यातल्या सामानानं आणि खेड्यातल्या माणसांच्या हातानं उभं राहिलं पाहिजे. खुद्द गांधीजींचं शेगावचं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामचं, माती-बांबूचं घर त्याच वर्षी उभं राहत होतं. मीराबेननी तिथल्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर खजुरीची झाडं आणि चरखा उठावात काढला, तो आजही पाहायला मिळतो. म्हणजे स्वतःला लावलेलीच अट त्यांनी नंदबाबूंना घातली होती.

हातात वेळ दोनेक महिने. जोडीला म्हात्रे नावाचे वास्तुविशारद. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळी जमीन. सामान म्हणाल तर बांबू, इकडचं लाकूड, चटया, माती, गवत. एखाद्या हिशेबी माणसानं त्यातून रांगेनं मांडव घातले असते आणि कामही भागलं असतं. नंदबाबूंनी वेगळं काय केलं? त्यांनी सामान बदललं नाही, त्याच्याकडं बघायची नजर बदलली. बांबू सरळ असतो, पोकळ असतो, वाकवला तर वाकतो, फाडला तर त्याची पट्टी विणता येते. रंग फासून त्याला संगमरवराचं सोंग आणायचं नाही. उंची-रुंदीचं प्रमाण साधलं, ऊन-सावलीची जागा ओळखली की साध्या तट्ट्यालाही शोभा येते. प्रवेशद्वार, प्रदर्शनाचे मांडव, राहायच्या झोपड्या आणि आजोबांच्या आठवणीतला तो रथ, सगळ्यांना एकच नजर लागलेली होती. सजावट शेवटी चिकटवलेली नव्हती. बांधणी हीच सजावट होती.

अधिवेशनाच्या तोंडावर प्रदर्शन उघडताना गांधीजींनी या सगळ्याचं श्रेय म्हात्रे आणि नंदबाबू या दोघांना जाहीरपणे दिलं. दोघांना, हे लक्षात ठेवा. पुढं मला त्याची गरज लागणार आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला अधिवेशन पार पडलं. माणसं घरोघरी गेली. असल्या बांधकामाचं एक बरं असतं. दोऱ्या सोडल्या की बांबू पुन्हा कामाला येतो आणि माती मातीत जाते. आमच्या आजोबांनी येताना तिथून काही आणलं नाही, पण त्या संक्रांतीला घरापुढच्या पडवीचा कूड नव्यानं विणला आणि त्याला उगाचच एक नक्षीची पट्टी घातली, असं आजी सांगायची.

त्याच तापीच्या काठी, पण गुजरातेत, १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याचं अधिवेशन झालं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. तिथंही नंदबाबूच. या वेळी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत शेकडो चित्रं केली. ऐंशीहून अधिक तर त्यांच्या एकट्याच्या हातची. विषय कोणते? ढोलकी वाजवणारा, चांभार, सुतार, कांडण करणारी बाई, बैल. ही चित्रं दारांवर आणि मांडवांवर उघड्यावर लावली, म्हणजे शेतातून आलेल्या माणसाला स्वतःचंच काम तिथं मानानं टांगलेलं दिसावं. आज ती जपून ठेवलेली राष्ट्रीय ठेव आहे. केली होती मांडवाला लावायला.

पुढचं थोडक्यात. बडोद्याच्या कीर्तिमंदिरात त्यांनी मोठी भित्तिचित्रं केली. भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १६ एप्रिल १९६६ ला ते गेले.

आता माझा संबंध सांगतो, आणि तो सांगताना मला थोडी लाज वाटते.

आमचं वाडीतलं घर धाब्याचं होतं. भिंती दोन हात रुंद, पांढरीच्या मातीच्या. वर लाकडाचे सर, त्यावर फाटे-पाला आणि त्यावर माती. मिरगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, ती वडिलांनी जन्मभर टाकली. ते गेल्यावर मला वेळ होईना. गळती लागली. तशात लोकांची स्लॅबची घरं झालेली. १९९४ च्या उन्हाळ्यात मी ते घर पाडलं. एका ठेकेदारानं दोन महिन्यांत नवं उभं केलं. मी चित्रकलेचा मास्तर, पण त्या घराबद्दल मला एकच प्रश्न विचारला गेला: रंग कोणता द्यायचा? आणि मीही तेवढंच उत्तर दिलं. खिडकी कुठं हवी, पश्चिमेचं ऊन कुठून येतं, आई दुपारी कुठं बसते, यातलं काही मी बोललो नाही. ते माझं काम आहे असं मला वाटलंच नाही. चूक ठेकेदाराची नाही, माझी.

पुढचे नऊ उन्हाळे आई नव्या घरात दुपारची थांबली नाही. जेवण झालं की ती गोठ्यात जाऊन बसायची. गोठ्यावर तेवढं जुनं धाबं राहिलं होतं. तिनं मला कधी बोल लावला नाही. पोतं अंथरायची, गाईच्या शेजारी टेकायची आणि ऊन उतरलं की घरात यायची. ती गेल्यावर गोठाही पडला.

म्हणून, सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या सभागृहाविषयी बोलतो. २५ वर्षं आपण पत्र्याच्या शेडमध्ये सभा घेतल्या. आता पक्कं सभागृह होतंय, चांगली गोष्ट आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत नकाशा फिरवला गेला. त्यात पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या काचा आहेत. मोकळ्या जागेतल्या तीन कडुनिंबांपैकी दोन जातात. आणि मला समितीनं प्रेमानं सांगितलं आहे की बांधकाम पूर्ण झालं की दर्शनी भिंतीवर एक छानसं वारली चित्र काढून द्या.

काढून देईन. नाही म्हणत नाही. पण ज्यांचं चरित्र आत्ता सांगितलं, ते गृहस्थ मला गप्प बसू देईनात. फैजपूरला चित्रकार जागेवर आला तेव्हा तिथं मोकळं रान होतं. भिंती उभ्या राहिल्यावर रंगाचा डबा घेऊन तो आला असता, तर आजोबांना सांगायला फक्त बैल उरले असते.

मी मातीचं सभागृह मागत नाही. दर पावसाळ्याआधी धाब्यावर कोण चढणार, हे मला विचाराल तर माझे गुडघे उत्तर देतील. इंजिनिअर हवाच. मजबुतीचं काम त्यांचं, आणि त्यांच्या सहीशिवाय वीट हलू नये. फैजपूरलाही म्हात्रे होतेच. माझं म्हणणं एवढंच की दोघं पहिल्या दिवसापासून हवेत. काचेऐवजी पश्चिमेला पडवी आणि जाळी होईल का? आपल्या तालुक्यातला काळा दगड खालच्या भिंतीला वापरता येईल का? पळशीचा वाडा आणि जामगावचा शिंद्यांचा वाडा पाहून आलेल्यांना जाड भिंतीत दुपारी काय वाटतं ते सांगायला नको. छपराचं पाणी गटारात न जाता टाकीत जाईल का? पारनेरला पाऊस तो किती, आणि त्यातलाही आपण सोडून द्यायचा? हे प्रश्न खर्चाचे कमी आणि बघण्याचे जास्त आहेत. आणि बघायला चित्रकारच लागतो असंही नाही. दुपारी चारला सावली कुठं असते ते सोसायटीतल्या बायकांना पक्कं ठाऊक आहे, कारण धान्य आणि कुरडया त्याच वाळवतात. वारा कुठून येतो ते कट्ट्यावरच्या ज्येष्ठांना विचारा, ते रोज तशी जागा बदलून बसतात.

नकाशावर अजून अंतिम सही झालेली नाही, असं सेक्रेटरींनी सांगितलं. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी टेप आणि वही घेऊन कडुनिंबाखाली असेन. इंजिनिअरसाहेबांनाही यायची विनंती केली आहे. संध्याकाळी पाचला पुन्हा येईन, कारण तेव्हा ऊन कुठं पोचतं ते पाहायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं, मुलांना आणावं. येताना एक पेन्सिल घेऊन या.

एक सभासद
(निवृत्त चित्रकला शिक्षक)